मारहाणीची तक्रार एका कोर्टात, मुलाचा ताबा दुसऱ्या कोर्टात

संसार मोडायला आला की त्याच्या केसेस होतात, आणि त्या एका जागी होत नाहीत. मारहाणीची फिर्याद पोलीस ठाण्यात. संरक्षण आणि राहायला घर मागणारा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. त्यालाच सगळे ‘डीव्हीची केस’ म्हणतात, डीव्ही म्हणजे डोमेस्टिक व्हायोलन्स, कौटुंबिक हिंसाचार. घटस्फोट आणि मुलांचा ताबा कौटुंबिक न्यायालयात. पोटगीचा अर्ज कधी इथे, कधी तिथे. घर तेच, माणसं तीच, मूलही तेच. फायली मात्र तीन-चार, तारखा वेगळ्या आणि न्यायाधीशही वेगळे.

या लेखात मला मुख्य सांगायचंय ते हे: यातल्या एका फायलीतला कागद दुसऱ्या फायलीत आपोआप जात नाही. कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या भेटीचा अर्ज सुनावणीला येतो, तेव्हा दुसऱ्या कोर्टाने त्याच वडिलांना शाळेच्या आसपास फिरकायला मनाई केलेली आहे, हे कागद दाखवल्याशिवाय न्यायाधीशांना कळायचा मार्ग नसतो. वडिलांवरचा आरोप पुराव्यात टिकला नाही, हेही कुणी नक्कल हजर केल्याशिवाय कळत नाही. बहुतेक गोंधळ याच फटीतून आत येतो, आणि कधीकधी खरा धोकाही.

एक कल्पित उदाहरण धरून चालू. सासर कोल्हापूरजवळ पाचगावला, माहेर त्याच जिल्ह्यात कागलला. नवरा शिरोली एमआयडीसीत कामाला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. एका रात्री मारहाण होते, बाई दोन्ही मुलांना घेऊन माहेरी येते. पंधरा दिवसांत नवरा मुलांच्या ताब्यासाठी अर्ज करतो.

कुठे काय मागायचं

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यातल्या कलम २७ नुसार बाई जिथे राहते, मग ते तात्पुरतं का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. म्हणजे आपल्या उदाहरणातली बाई कागलच्या कोर्टात जाऊ शकते, तिला पाचगावच्या बाजूला पाऊल टाकायची गरज नाही. तिथे ती संरक्षण आदेश, राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम मागू शकते, आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबाही. हे कलम फार लोकांना ठाऊक नसतं. कोर्ट तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतं, वडिलांच्या भेटीची व्यवस्था ठरवू शकतं, आणि भेटीने मुलाचं नुकसान होईल असं वाटलं तर भेट नाकारणं हे त्या कलमातच लिहिलेलं आहे.

पण शब्द ‘तात्पुरता’ आहे. कायमचा ताबा कोणाचा, हे ठरतं कौटुंबिक न्यायालयात. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाची वा नांदायला येण्याची केस चालू असेल तर त्यातच कलम २६ खाली अर्ज करता येतो. नसेल तर १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या आईबापाला लागू होतो. या जुन्या कायद्यात अधिकारक्षेत्र ठरतं ते मूल ‘सामान्यपणे’ कुठे राहतं यावर. आपल्या उदाहरणात भांडण इथूनच सुरू होणार: नवरा म्हणणार, मुलं पाचगावची, त्यांची शाळा-अंगणवाडी तिथे. बायको म्हणणार, आता ती कागलची. मारहाणीमुळे घर सोडावं लागलं असेल तर ते का सोडलं, हे अर्जात पहिल्या पानापासून स्पष्ट लिहिलेलं असावं. नाहीतर कागदावर चित्र असं उमटतं की आईने मुलं उचलून नेली.

कौटुंबिक न्यायालयाची हद्द सरकारी अधिसूचनेने ठरते. आपलं गाव तिच्यात येतं की दाद दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात मागायची, हे वकिलांना आधी विचारून घ्यावं. माहेर निपाणीला असतं तर आणखी एक पेच आला असता. दोन राज्यांतल्या केसेस एका ठिकाणी आणायचा दिवाणी बदली अर्ज सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो, कारण निपाणी कर्नाटकात येते. सीमाभागात सोयरीक करणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे केस उभी राहिल्यावरच कळतं.

२००५ च्या कायद्याचं कलम २६ आपल्या मूळ मुद्द्यावर थेट बोट ठेवतं. या कायद्यातले संरक्षण, निवास, पैसे, ताबा, भरपाई हे सगळे दिलासे कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात. त्यामुळे ताब्याची केस आधीच तिथे चालू असेल तर संरक्षणही तिथेच मागायचा पर्याय बाईला आहे. आणि दुसऱ्या कोर्टातून काही आदेश मिळाला असेल तर तो न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात आधीच्या केसेसचा तपशील लिहायला जागा आहे. ती कोरी ठेवून पुढे गेलेले अर्ज नंतर अडचणीत येतात. समोरचा वकील उभा राहून म्हणतो, ‘यांनी कोर्टापासून माहिती दडवली’, आणि खऱ्या मारहाणीच्या तक्रारीवरही त्याची सावली पडते.

आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट

लोकांच्या मनात इथे दोन टोकं असतात. बायकोकडच्यांना वाटतं, डीव्हीचा अर्ज केला की मुलं आपलीच. नवऱ्याकडच्यांना वाटतं, निकाल लागेपर्यंत आरोप म्हणजे नुसता कागद, तो बाजूला ठेवून भेट मिळाली पाहिजे. दोन्ही चूक.

ताब्याच्या प्रश्नात कोर्ट बघतं ते मुलाचं हित. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं असं म्हटलंय, पण त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवतं. आणि हित म्हणजे फक्त शाळेची फी आणि दुधाचा ग्लास नव्हे. नीलरतन कुंडू खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं: आई वारलेली, वडिलांवर हुंडाबळीचा खटला चालू, मूल आजी-आजोबांकडे. खालच्या कोर्टांनी मूल वडिलांना द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. वडिलांवर खटला प्रलंबित आहे ही गोष्ट ताबा ठरवताना विचारात घ्यायलाच हवी होती, आणि मुलाचं म्हणणंही ऐकायला हवं होतं, असं न्यायालयाने सांगितलं. दोषी ठरेपर्यंत थांबा, असं काही नाही.

दुसऱ्या बाजूला यशिता साहू खटला आहे, २०२० चा. मुलाला आई आणि वडील दोघांच्या प्रेमाचा हक्क आहे, ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याशी गाठभेट, निदान व्हिडिओ कॉल तरी, झाला पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. भेट पूर्ण तोडायची तर तसं कारण दाखवावं लागतं.

या दोहोंच्या मध्ये न्यायाधीशांना अंतरिम टप्प्यावर निर्णय घ्यायचा असतो. साक्षीपुरावा अजून झालेला नसतो, उलटतपास दूर असतो. डीव्हीच्या अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना माहीत आहे. म्हणून अंतरिम आदेशावरच मुलाचं बालपण निघून जातं. माझ्या मते सगळी ताकद या टप्प्यावर लावली पाहिजे, अंतिम निकालाच्या भरवशावर राहू नये.

त्यासाठी कागद लागतात. आपल्याकडे संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाकडून नेमलेले असतात. ते जो कौटुंबिक घटना अहवाल भरतात, बोलण्यात डीआयआर, त्यात मुलांसाठी वेगळा तक्ता आहे: नाव, वय, मुलगा की मुलगी, आणि सध्या कोणाकडे राहतं. हा शेवटचा रकाना घाईत ‘आईकडे’ एवढा भरून सोडून देतात. त्यापुढे घटनांचा भाग येतो, तारीख-वेळ-ठिकाण यांसह. तिथे ‘नेहमी मारतो’ असं लिहिण्यापेक्षा एखाद्या रात्रीचं नेमकं लिहावं: कोणती तारीख, मुलं त्या वेळी कुठे होती, त्यांनी काय पाहिलं, कोण मधे पडलं. मुलीसमोर आईला मारलं असेल तर ती घटना ताब्याच्या केससाठी सर्वांत महत्त्वाची, आणि अहवालात नेमकी तीच राहून जाते. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, उपचार घेतले असतील तर तिथला केसपेपर, पोलिसांत अदखलपात्र नोंद झाली असेल तर तिची प्रत, शाळेतल्या गैरहजेरीची नोंद, हे सगळं जोडावं. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. नवरा-बायकोत चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण मुलाला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘सांग, पप्पांनी काय केलं’ असं विचारत व्हिडिओ करू नका. त्यात मुलाचे हाल होतात, आणि पढवल्याचा संशय येऊन केसचंही नुकसान होतं. मुलाशी बोलायचं ते न्यायाधीश आपल्या दालनात बोलतात किंवा समुपदेशक बोलतात.

समुपदेशकांची खोली

कौटुंबिक न्यायालयात गेलं की बहुतेक वेळा आधी समुपदेशकांकडे पाठवतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम ९ समेटाचा प्रयत्न करायला सांगतं खरं, पण ‘प्रकरणाचं स्वरूप आणि परिस्थिती पाहता शक्य असेल तिथे’. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर एका टेबलाला बसून बाई मोकळं बोलू शकत नाही. तिने तसं पहिल्याच तारखेला सांगावं आणि स्वतंत्र बैठक मागावी. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, म्हणून चार ओळींचा अर्ज द्यावा. तो फायलीत राहतो. डीव्ही कायद्याच्या नियमांत तर समुपदेशनात सामनेवाल्याला मारहाणीचं समर्थन करू देऊ नये, असं लिहिलेलं आहे. ‘तिनेच चिडवलं म्हणून हात उठला’ हे तिथे चालत नाही.

‘मुलांकडे बघून मिटवून घ्या’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात फार ऐकू येतं, आणि बहुधा चांगल्या मनाने म्हटलेलं असतं. पण दबावाखाली झालेल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये, एक सौदा सर्रास दिसतो: तू मारहाणीची केस मागे घे, मी मुलाचा ताबा सोडतो. मुलाचं हित अशा अटींनी बांधलं जात नाही, कोर्ट त्या तपासून बघू शकतं. तरीही केस मागे घेतल्यावर संरक्षण आदेश जातो, आणि पुढच्या भेटीला माणूस दारात येतो तेव्हा हातात दाखवायला कागद नसतो.

भेटीचा आदेश

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा ही. एक ओळ पाहा: ‘जाबदाराने अर्जदारास दर रविवारी मुलांची भेट घडवून आणावी.’ इथे जाबदार म्हणजे आई, अर्जदार म्हणजे वडील. वाचायला स्वच्छ. आता रविवार उजाडला असं धरा. भेट कुठे? पाचगावला, कागलला, की रंकाळा तलावावर? किती वाजता, किती वेळ? मुलांना आणणार कोण? आईच आणणार असेल तर जिच्या संरक्षणासाठी दुसऱ्या कोर्टाने त्या माणसाला लांब राहायला सांगितलं, तिलाच आता दर आठवड्याला त्याच्यासमोर उभं राहायचं आहे. आणि तो आला तर त्याने संरक्षण आदेश मोडला की भेटीचा आदेश पाळला? संरक्षण आदेश मोडल्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणजे वडिलांसाठीसुद्धा ही ओळ धोक्याचीच. दोन आदेश एकमेकांना छेद देतात, आणि पोलीस ठाण्यात दोघेही आपापला कागद नाचवत उभे राहतात.

आता हीच भेट अशी मागितली तर? महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कारण दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी. वेळ अकरा ते एक. जागा न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकांच्या नजरेखाली. मुलांना मामा आणणार, मामाच नेणार; आई आणि वडील समोरासमोर येणार नाहीत. वडील येताना दारू पिऊन आलेले दिसले तर भेट होणार नाही आणि तशी नोंद होईल. मूल आजारी असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत वकिलांमार्फत निरोप आणि नंतर डॉक्टरांची चिठ्ठी. भेटीत आईविषयी किंवा केसविषयी मुलांना काही विचारायचं नाही. तीन महिन्यांनी समुपदेशकांचा अहवाल, आणि तो पाहून पुढची व्यवस्था. शेवटी एक ओळ: दंडाधिकाऱ्यांचा अमुक तारखेचा संरक्षण आदेश विचारात घेऊन हा आदेश दिला आहे, आणि या भेटीपुरती हजेरी त्याचा भंग ठरणार नाही. त्यासाठी तो आदेश आधी या फायलीत आलेला हवा, आणि हा भेटीचा आदेश तिकडच्या फायलीत लगेच नेऊन द्यायला हवा.

अशा अटींचा मसुदा तयार करून न्यायाधीशांपुढे ठेवायला कुणाची मनाई नाही. दिवसाला कितीतरी प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधीशांना तयार मसुदा मिळाला तर त्यातलं बरंचसं आदेशात उतरतं.

मे महिना आणि दिवाळी या दोन वेळा फार नाजूक. मुलांना सुट्टी, दोन्हीकडच्या आजी-आजोबांना नातवंडं हवीत, आणि त्याच वेळी कोर्टालाही सुट्टी. सुट्टीतल्या भेटीचा अर्ज एप्रिलमध्ये, दिवाळीचा दसऱ्याच्या आधी टाकलेला बरा.

वडिलांच्या बाजूने

आरोप खोटे किंवा वाढवून लिहिलेले आहेत असं ज्या वडिलांना वाटतं, त्यांच्यासाठीही प्रक्रिया आहे, आणि तीही कागदावरच चालते. नोटीस मिळाल्यावर तारखेला हजर राहून म्हणणं दाखल करा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो आणि महिने उलटल्यावर तो उठवायची धडपड सुरू होते, तोवर तीन वर्षांचं पोर तुमचा चेहरा विसरायला लागतं. पूर्ण ताब्याच्या हट्टाने भेटही लांबवू नका. देखरेखीखालची भेट मान्य केली म्हणजे आरोप कबूल केला असा अर्थ निघत नाही. प्रत्येक भेटीला वेळेवर जा. सहा महिन्यांच्या नीट झालेल्या नोंदी कोणत्याही युक्तिवादापेक्षा जड असतात. मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणण्याचा सल्ला मित्र देतील. तसं केलंत तर पुढच्या सुनावणीत चर्चा तुमच्या त्या कृत्याचीच होईल.

हिंसा करणारी व्यक्ती आई असेल, तरी डीव्हीच्या कायद्याखाली पुरुषाला अर्ज करता येत नाही. पण मुलाला मारहाण होते, घरात सतत आरडाओरडा असतो, हे सगळं ताब्याच्या अर्जात मांडता येतं आणि न्यायालय ते त्याच कसोटीवर बघतं. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ती वाट वेगळी आणि तातडीची: तो गुन्हा पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे, ताब्याच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही.

वकील, मदत आणि अपील

कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. ती सहसा मिळते. महिलांना आणि मुलांना उत्पन्न किती याची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात त्यांचं कार्यालय आहे. अंगावर येणाऱ्या रात्री मात्र वकील शोधत बसू नका. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालाविरुद्धचं अपील उच्च न्यायालयात. १९८४ च्या कायद्यात त्यालाही ३० दिवसच दिलेत. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर सरळ अपील नाही, सहसा रिट याचिका करावी लागते. पूर्वी या दोन्हींसाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची गाडी, लॉजचं भाडं आणि पोराला कुणाकडे ठेवायचं ही चिंता, यातच कितीतरी बायकांनी अपिलाचा विचार सोडला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी. भेटीचा चुकीचा आदेश महिनाभरही चालू राहू देणं ज्यांना परवडत नाही, अशा आईबापांसाठी हा फरक मोठा आहे.

आदेशाच्या प्रमाणित नकलेसाठी लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज करण्याआधी वाया घालवलेले दिवस वगळले जात नाहीत. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा आणि दोन प्रती मागाव्यात: एक अपिलासाठी, एक दुसऱ्या कोर्टातल्या फायलीसाठी.